वाया न जाणारं वर्ष

(मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका वार्षिक स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



स्मृती-व्याख्यानाला विषय भारदस्त लागतो. राज्यघटना, संतपरंपरा, हवामानबदल. मी मात्र कॉलेजच्या प्रवेश-खिडकीवरचा विषय आणला आहे. पदवी लवकर आणि कमी पैशांत कशी पदरात पाडून घ्यायची, आणि एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी धरलं का जात नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते सर रात्रशाळेत शिकवायचे. दिवसभर दुकानात, कारखान्यात राबून संध्याकाळी वर्गात येणाऱ्या मुलांसाठी वर्ष वाया जाणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नसतं.

‘लवकर आणि स्वस्तात पदवी’ म्हटलं की आपल्या कपाळावर आठी येते, आणि त्याला कारणही आहे. उपनगरातल्या कुठल्याही गजबजलेल्या स्टेशनाबाहेर जरा भिंतींकडे बघा. ‘नापास? वर्ष वाचवा.’ ‘गॅप असला तरी टेन्शन नको.’ ‘एका बैठकीत पदवी.’ खाली फक्त मोबाइल नंबर. हल्ली या पत्रकांवर ‘क्रेडिट ट्रान्सफर’ हे शब्दही दिसतात, म्हणजे धंदेवाल्यांनी नवं शैक्षणिक धोरण आपल्या प्राचार्यांच्या आधी वाचलेलं दिसतं! दूर कुठल्या तरी राज्यातल्या विद्यापीठाची मागच्या तारखेची गुणपत्रिका हातात ठेवायची, हा त्यांचा माल. ती फसवणूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोग दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती उगाच नाही.

पण त्या पत्रकापुढे थांबून नंबर टिपून घेणारा मुलगा लबाड असतोच असं नाही. त्याची गरज खरी असते. एक वर्ष म्हणजे एक वर्षाचा पगार, घरभाड्यातला त्याचा वाटा, धाकट्या बहिणीची फी. म्हणून मी सुरुवातीलाच एक रेघ मारून घेतो. कमी शिकून लवकर सुटणं वेगळं. एकदा शिकलेलं, परीक्षा देऊन पास झालेलं पुन्हा शिकायला न लागल्यामुळे लवकर सुटणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा प्रत्येक विद्यार्थ्याला हक्क आहे, आणि कागदोपत्री तो आता मिळालेलाही आहे. खिडकीवर तो पोचत नाही, एवढंच माझं आजचं म्हणणं.

एक फाइल दाखवतो. फाइल खरी आहे, माणसाचं आणि कॉलेजांचं नाव सांगणार नाही. अंधेरीत राहणारी मुलगी, बी.कॉम.चं पहिलं वर्ष पास. इमारत पुनर्विकासाला गेली आणि घरच्यांनी घाटकोपरला भाड्याने जागा घेतली. मुलगी सकाळी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, त्यामुळे कॉलेज घराजवळचं हवं. फाइलीत काय होतं? दोन सेमिस्टरच्या गुणपत्रिका, एकूण ४४ श्रेयांक म्हणजे क्रेडिट, एकही केटी (राहिलेला विषय) नाही. जुन्या कॉलेजचं ना-हरकत पत्र, दाखला. आणि अभ्यासक्रमाच्या प्रती, प्रत्येक पानावर जुन्या कॉलेजचा शिक्का. तो शिक्का मिळवण्यासाठी तिचे तीन अर्धे दिवस गेले, दवाखान्यातून तेवढे पैसे कापले गेले. नव्या कॉलेजात खिडकीवरच्या बाईंनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, “तुझा मायनर आमच्याकडे नाही. ओपन इलेक्टिव्हपण वेगळं आहे. एफ.वाय.चे हे पेपर परत द्यावे लागतील, नाहीतर परत एफ.वाय.लाच अ‍ॅडमिशन घे.” मुलीने विचारलं, “मग माझे क्रेडिट?” बाई म्हणाल्या, “ते आहेत की तुझ्या खात्यात.”

बाई खोटं बोलत नव्हत्या. खात्यात ४४ श्रेयांक होतेच. मेट्रोने अंधेरीहून घाटकोपरला माणूस वीसेक मिनिटांत पोचतो, श्रेयांक मात्र साकीनाक्यालाच अडकून राहतात.

आता हे खातं म्हणजे काय, ते जरा नीट पाहू. २९ जुलै २०२० ला केंद्र सरकारने नवं शैक्षणिक धोरण मंजूर केलं. बरोबर एक वर्षाने, जुलै २०२१ मध्ये, ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची नियमावली आली. विद्यार्थ्याने डिजिलॉकरमधून खातं उघडायचं, त्याला बारा आकडी क्रमांक मिळतो. शिकलेल्या प्रत्येक विषयाचे श्रेयांक संस्थेने तिथे जमा करायचे. विद्यार्थी स्वतः एकही श्रेयांक भरू शकत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर स्टेशनाबाहेरच्या त्या मोबाइल नंबरवाल्यांचंच राज्य आलं असतं. पुरेसे श्रेयांक साठले की ते वटवून पदवी घ्यायची. एकदा वटवलेले पुन्हा वापरता येत नाहीत.

महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १३२ पर्यंत श्रेयांक धरले आहेत, एका सेमिस्टरला २२. वर्गातल्या शिकवण्याचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाला तीस तास. म्हणजे चार श्रेयांकांचा पेपर साठ तासांचा. त्या मुलीला दोन पेपर परत द्यायला सांगणं म्हणजे बसून ऐकलेले, परीक्षा देऊन पार केलेले शे-सव्वाशे तास रद्द करणं. हे असं तासांत मांडलं की खिडकीवरचा निर्णय किती महाग आहे ते कळतं.

नियमावलीत एक अट आहे. पदवी जी संस्था देणार, तिथे निम्मे श्रेयांक तरी मिळवलेले हवेत. १३२ पैकी ६६. एखाद्याने दोन वर्षं पूर्ण करून ८८ श्रेयांक मिळवले आणि मग विद्यापीठ बदललं, तर जास्तीत जास्त ६६ धरले जातील, २२ बुडाले, एक सेमिस्टर गेलं. ही अट मला वाजवी वाटते. ज्याच्या नावाने पदवी, त्याने विद्यार्थ्याला निम्मं तरी पाहिलेलं असावं. पण अंधेरी-घाटकोपरच्या आपल्या गोष्टीत ही अट फारशी आड येतच नाही, कारण दोन्हीकडची पदवी मुंबई विद्यापीठाचीच. अडतं ते अभ्यासक्रमाशी.

इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण याबद्दल फार कमी बोललं जातं. उपनगरातली बरीच नावाजलेली महाविद्यालयं आज स्वायत्त आहेत. घाटकोपरचं झुनझुनवाला, मुलुंडचं वझे, पार्ल्याचं मिठीबाई. स्वायत्तता चांगली गोष्ट आहे. शिळे अभ्यासक्रम बदलता येतात, निकाल वेळेवर लावता येतो. २०१७ साली ऑनलाइन उत्तरपत्रिका तपासणीच्या गोंधळात विद्यापीठाचे निकाल महिनोन्महिने लांबले, ते आठवत असेल. त्यानंतर स्वायत्तता हवी म्हणणाऱ्यांना दोष कोण देईल? पण स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम ज्याचा त्याचा. घाटकोपरचा ‘फायनान्शियल अकाउंटिंग’चा पेपर आणि मुलुंडचा पेपर, नाव एक, आतले घटक वेगळे. त्यात आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली असे कप्पे आले. प्रत्येक कॉलेजने आपल्याकडे असलेल्या शिक्षकांच्या सोयीने ते भरले. एकाच वेळी सरकार कॉलेजांना म्हणतंय ‘वेगळे व्हा’ आणि विद्यार्थ्यांना म्हणतंय ‘कुठेही जा’. या दोन्ही गोष्टी सुखाने नांदायच्या असतील तर मध्ये कुणीतरी बसून ‘याचं हे त्याच्या त्या बरोबरीचं’ असं ठरवायला हवं. ते काम खिडकीवरच्या बाईंवर सोडलेलं आहे. त्यांना ना तो अधिकार, ना वेळ. मग ‘परत द्या’ म्हणणं हाच सुरक्षित मार्ग. पुढे चौकशी झाली तर ‘का धरलं’ असं विचारतात. ‘का धरलं नाही’ असं कुणी विचारत नाही.

विद्यापीठाचा आपला इतिहास पाहिला तर ही वृत्ती नवलाची नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. कोण कुठे शिकला यापेक्षा परीक्षेला बसायला पात्र आहे का, हा प्रश्न मोठा. ‘पात्रता’ तपासणं हे आपल्या विद्यापीठीय कारभाराच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. त्याच चौकटीत राहून गरिबाला सोयीच्या वाटा काढणारी माणसंही इथेच झाली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं आणि वर्ग सकाळी ठेवले, कारण विद्यार्थी नोकरी करणारे होते. पदवीची किंमत फीच्या पावतीवर दिसत नाही, बुडालेल्या पगारात दिसते, हे त्यांनी ओळखलं होतं. अनुदानित कॉलेजातल्या बी.ए., बी.कॉम.ची फी आजही फार नाही (सेल्फ-फायनान्सची गोष्ट निराळी, तिथे फीच घाम काढते). खरा खर्च आहे तो सकाळच्या वेळेचा.

त्यानंतर १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. कालिन्याच्या त्या इमारतीत पुस्तकांचे गठ्ठे घ्यायला रांगेत उभे राहिलेले इथे निश्चित असतील. १९८५ मध्ये इग्नू आलं. मुलुंड पूर्वेच्या नाणेपाडा रस्त्यावर त्यांच्या विभागीय केंद्राचे जिने आपल्यापैकी कित्येकांनी चढले असतील. आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद. राम ताकवले हे पहिले कुलगुरू.

मुक्त विद्यापीठाबद्दल आपल्या मध्यमवर्गात एक नाक मुरडणं आहे. “रेग्युलर केलंस की ओपनमधून?” हा प्रश्न लग्न ठरवतानासुद्धा विचारतात. नाक मुरडणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. श्रेयांक साठवत पदवीपर्यंत जायचं, ही कल्पना २०२० च्या धोरणाने शोधून काढलेली नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला आणि पदवीचं दार उघडलं. तिथल्या कृषी विद्याशाखेत शेतकऱ्याने फळबागेची, भाजीपाल्याची अशा एकेक पदविका करत जायचं आणि त्या जोडून पदवी घ्यायची, ही सोय होती. आपल्या शेतकऱ्यांसाठी जे चाललं, ते अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांना खडे बसवणाऱ्या कारागिराला का चालू नये? २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याचं तत्त्व मान्य झालं आहे. तत्त्व मान्य होऊन टेबलावर यायला आपल्याकडे किती वेळ लागतो, ते मी सांगायला नको.

श्रेयांकाची जन्मकथाही पैशाचीच आहे, आणि जरा गमतीची. अमेरिकेत १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. निधी सांभाळणाऱ्यांनी अट घातली की ज्या कॉलेजांना पेन्शन हवं त्यांनी प्रवेश देताना विद्यार्थ्याचं शाळेतलं शिक्षण ठराविक तासांच्या एककात मोजून घ्यावं. पेन्शनसाठी सगळे तयार झाले. तासांचं माप सर्वत्र एक झालं आणि पुढे तशाच मापाने विद्यार्थी एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊ लागले. तिकडे आज दोन वर्षं स्वस्तातल्या कम्युनिटी कॉलेजात काढून उरलेली दोन वर्षं विद्यापीठात करणं हा सर्वसामान्य घरातला शिरस्ता आहे, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या मुली लग्न होऊन तिकडे जातात तेव्हा त्यांना हे उलट बाजूने कळतं. इथली तीन वर्षांची बी.कॉम. तिकडे पुष्कळ ठिकाणी पूर्ण पदवी धरत नाहीत. मग मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे गुणपत्रिका पाठवायच्या, विषयवार किती श्रेयांक धरतात ते बघायचं, राहिलेले कम्युनिटी कॉलेजात भरून काढायचे. पण त्यांना निदान लेखी उत्तर मिळतं. हा विषय धरला, हा नाही धरला, का नाही.

आता लवकर सुटण्याच्या कायदेशीर वाटा, थोडक्यात. आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एखाद्या शिक्षणक्रमातले एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करता येतात. २०१६ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती. शिकणं फुकट, परीक्षेची फी भरावी लागते. नोकरी करणाऱ्याला रात्री अकराला ऐकता येईल असा हा वर्ग आहे. पण विषय निवडण्याआधी कॉलेजची मान्यता हवी. आधी विषय करून मग कॉलेजकडे जाणारे हमखास फसतात. दुसरी वाट, २०२४ च्या अखेरीला आयोगाने मान्य केलेली वेगवान पदवी. पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरनंतर अर्ज करायचा, दर सेमिस्टरला जास्त श्रेयांक घ्यायचे आणि तीन वर्षांची पदवी पाच सेमिस्टरांत संपवायची. मंजूर जागांच्या दहा टक्के विद्यार्थ्यांनाच हे करता येतं. सहा महिने वाचतात. आयोगाच्या त्याच निर्णयात पदवी सावकाश करण्याचीही मुभा आहे, आणि माझ्या मते उपनगरातल्या नोकरदार मुलाला तिचाच जास्त उपयोग. दोन नोकऱ्या सांभाळून सेमिस्टरला २६-२८ श्रेयांक उचलणारा क्वचित सापडेल. थोडे कमी उचलून न थांबता पुढे जाणारे पुष्कळ सापडतील.

एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडायचं आणि पुढे परत यायचं, ही धोरणातली सोयही इथेच येते. तिची मला एक मोठी काळजी आहे. खात्यातले श्रेयांक साधारण सात वर्षं टिकतात. आता हिशोब मांडा. मुलीने दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सोडलं, लग्न झालं, दोन वर्षांनी मूल झालं. ते मूल पहिलीत जाऊन घरात सकाळचे चार तास मोकळे मिळायला आठ वर्षं होतात. ज्या बाईसाठी ही योजना सगळ्यात गरजेची, तिच्याच श्रेयांकांची मुदत ती कॉलेजच्या दारात पोचण्याच्या आदल्या वर्षी संपते. सात वर्षांचा आकडा ठरवणाऱ्यांनी पोरंबाळं सांभाळणाऱ्या बाईला विचारलेलं दिसत नाही. संगणकशास्त्रासारखा विषय सात वर्षांत शिळा होतो, हे मान्य. मराठीचा, इतिहासाचा, अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांचा पेपर होत नाही. मुदत विषयाप्रमाणे ठरवण्याची मुभा नियमांत आहे. ती वापरून मुदत वाढवावी, यासाठी विद्यापीठाकडे आपण सगळ्यांनी अर्ज करायला हवेत.

मुंबई विद्यापीठात सेमिस्टर आणि श्रेयांक पद्धत २०११-१२ मध्ये आली. तेव्हापासून गुणपत्रिकेवर श्रेयांकाचा रकाना छापून येतो. इतकी वर्षं त्या रकान्याचा विद्यार्थ्याला काडीचा उपयोग नव्हता. आता उपयोग होऊ शकतो, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. उपनगरातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी जाहीर विनंती आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या कॉलेजांच्या विषय-शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र बसावं आणि पहिल्या दोन वर्षांच्या पेपरांचा समकक्षतेचा तक्ता तयार करावा. साठ-सत्तर टक्के घटक जुळले तर पूर्ण श्रेयांक धरावेत, मायनर वेगळा असेल तर तो ओपन इलेक्टिव्हच्या कप्प्यात टाकावा. तक्ता सूचना फलकावर लावावा. मग खिडकीवरच्या बाईंना चौकशीची भीती राहणार नाही, त्या तक्त्यावर बोट ठेवतील. दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या अर्जाला पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं आणि नकार असेल तर त्याचं कारण लिहावं.

तुम्हाला विचारायचं असेल की त्या मुलीचं काय झालं. ती घाटकोपरला राहून अंधेरीच्याच कॉलेजात जाते. दवाखान्याची नोकरी सुटली.

सभागृहातल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना शेवटी एवढंच. अभ्यासक्रमाची प्रत वर्ष संपायच्या आत मिळवून जपून ठेवा, नंतर ती मिळत नाही. डिजिलॉकरमध्ये जाऊन आपल्या सेमिस्टरचे श्रेयांक खरोखर जमा झालेत का, ते आज रात्रीच बघा. नसतील तर कॉलेजला पत्र द्या आणि पोच घ्या. आणि कॉलेज बदलणार असाल तर फी भरायच्या आधी एक आकडा लेखी मागा: माझे किती श्रेयांक तुम्ही धरणार? तो आकडा सही-शिक्क्यानिशी हातात पडेपर्यंत पैसे भरू नका.